कागदाखालचा केस

(दृश्य : टेबलावर कागद, त्यावरून हळूच सरकणारं बोट)

या कागदाखाली एक केस आहे. डोळे मिटायचे आणि बोटाच्या टोकाने तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद ठेवायचा, मग आणखी एक. अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू तपासून उपचार करायलाही शिकवणाऱ्या वैद्यकशाखेच्या, विद्यार्थ्यांना हात तयार व्हावा म्हणून दिला जाणारा हा जुना धडा. पुढे याच बोटांनी ओळखायचं असतं, पाठीचा कुठला सांधा नीट हलत नाही, कुठला स्नायू ताठरलाय. सराव वर्गमित्रांवरच. आज तुम्ही डॉक्टर, उद्या टेबलावर पालथे. असे साधारण २०० तास.

बाकी चार वर्षं शरीररचना, औषधशास्त्र, वॉर्डातल्या पोस्टिंग्ज, सगळं एम.डी.वाल्यांसारखंच (तिकडे एम.डी. ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी, आपल्यासारखी एम.बी.बी.एस.नंतरची नव्हे). ऑस्टिओपॅथीची पदवी ती डी.ओ. हा डी.ओ. डॉक्टर अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत औषधं लिहून देतो, ऑपरेशनं करतो. युरोपातला ऑस्टिओपॅथ मात्र बहुतेक ठिकाणी डॉक्टर नसतो, आणि ‘हा खरा डॉक्टर का?’ असा नातेवाइकांचा घोळ होतो तो इथेच.

(दृश्य : मिझुरी राज्यातलं कर्क्सव्हिल, संग्रहालयात जपलेली दोन खोल्यांची शाळा)

अँड्रू टेलर स्टिल यांनी १८९२मध्ये इथे ऑस्टिओपॅथीची पहिली शाळा काढली. १८६४मध्ये मेनिंजायटिसने त्यांच्या घरातली तीन मुलं गेली होती आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. पहिल्याच तुकडीत त्यांनी मुलींनाही घेतलं. प्रस्थापित डॉक्टरांनी या पंथाला बरीच वर्षं दारात उभं केलं नाही. १९६२मध्ये कॅलिफोर्नियात तर ६५ डॉलर घेऊन डी.ओ. डॉक्टरांना एम.डी. करून टाकलं!

(दृश्य : लॅपटॉपवर अर्ज भरणारी विद्यार्थिनी)

आता प्रवेशाचं. आधी कॉलेजची पदवी, मग एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा. बहुतेक कॉलेजांसाठी ‘आकोमास’चा एकच सामाईक अर्ज असतो, तो मे महिन्यात खुला होतो. अर्ज येतील तसतशा मुलाखती होतात आणि जागा भरत जातात. त्यामुळे शेवटच्या तारखेपर्यंत थांबणं म्हणजे पायावर धोंडा. शिवाय प्रत्येक कॉलेजची पुरवणी प्रश्नावली वेगळी, तिची फी वेगळी. एखाद्या डी.ओ. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून काम पाहिलेलं असावं, जमल्यास त्यांचं शिफारसपत्रही.

मुलाखतीत ठरलेला प्रश्न : डी.ओ.च का? न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तोच प्रश्न उलटा येतो, “एम.डी. का नाही गं?” एम.डी.ला नंबर लागला नाही म्हणून इकडे वळणारे कमी नाहीत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण निबंधात उसनं प्रेम दाखवलं की वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

२०२०पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, एकाच व्यवस्थेखाली आल्या. तरी डी.ओ.ची स्वतःची परवाना परीक्षा, कॉमलेक्स, सुटत नाही. चुरशीची शाखा हवी असलेले बरेच जण एम.डी.वाल्यांची परवाना परीक्षा, यूएसएमएलई, हीसुद्धा देतात. अभ्यास बराचसा तोच, फी मात्र दोनदा.