पोर्क टेंडरलॉइन: आधी मीठ, मग थर्मामीटर

नमस्कार. आज मी एकाच तुकड्याविषयी बोलणार आहे. पोर्क टेंडरलॉइन. लांबट, एका टोकाला निमुळता होत गेलेला, वजनाला साधारण अर्धा किलो. डुकराच्या कण्याच्या आतल्या बाजूला, कमरेपाशी हा स्नायू असतो. दोन्ही अंगांना एकेक, म्हणजे एका जनावरात दोनच. ज्या स्नायूंवर चालण्याचा, उभं राहण्याचा भार पडतो ते चिवट होतात. याच्यावर तसा भार पडत नाही, म्हणून हा लुसलुशीत. नुसतं ‘लॉइन’ म्हणून जो रुंद, पाठीवरचा तुकडा मिळतो तो वेगळा. त्याला वेळही जास्त लागतो, तेव्हा घेताना नाव नीट विचारून घ्या.

मऊपणा आहे, पण चरबी जवळजवळ नाही. खांद्याचा तुकडा तुम्ही तीन तास मंद आचेवर ठेवला तरी त्यातली चरबी आणि कोलाजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं प्रथिन, वितळून त्याला सांभाळून घेतात. टेंडरलॉइनला आतून सांभाळणारं कुणी नाही. पाच-सात अंश जास्त झाले की तो कोरडा पडतो आणि मग कितीही रस्सा ओतला तरी सुधारत नाही. मी कित्येक वर्षं तो तसाच कोरडा करून वाढत होते. घरातले मुकाट्यानं पाणी पीत पीत संपवायचे, आणि मला वाटायचं की मसाल्यात काहीतरी कमी पडतंय. मसाल्यात काही कमी नव्हतं. मीठ उशिरा पडत होतं आणि तुकडा उशिरा उतरत होता. आज मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकीचा तपशील त्याच्याभोवतीचा.

पहिलं काम सुरीचं. तुकडा पाटावर आडवा ठेवला की जाड टोकाच्या बाजूला एक चकचकीत, चंदेरी पापुद्रा दिसेल. हा काढायलाच हवा. त्यात इलास्टिन नावाचं चिवट प्रथिन असतं. कोलाजेन शिजून विरघळतं, इलास्टिन विरघळत नाही. उलट उष्णतेनं आवळतं आणि अख्खा तुकडा वाकडा करतं. सुरीचं टोक पापुद्र्याखाली सरकवा, एक जीभ सुटी करा, ती दोन बोटांनी ताणून धरा आणि पातं किंचित वरच्या दिशेला, पापुद्र्याकडे झुकवून सरकवत न्या. पातं मांसाकडे वळलं तर पापुद्र्याबरोबर मांसही जातं. दोन-तीन पट्ट्यांत काम होतं. निमुळतं टोक खाली दुमडून दोऱ्यानं बांधा, म्हणजे जाडी सारखी होते आणि शेपूट आधी करपत नाही.

आता मीठ. इथे मी जरा रेंगाळणार आहे. मांसाच्या वजनाच्या सव्वा टक्का मीठ घ्या. अर्ध्या किलोला साधारण सहा ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा एक सपाट चहाचा चमचा. जाड मीठ चमच्यात कमी मावतं, म्हणून वजन केलेलं बरं. सगळीकडून चोळा आणि उघडंच, जाळीवर, फ्रीजमध्ये ठेवा. कच्चं मांस आहे, तेव्हा सगळ्यात खालच्या कप्प्यात. पंधरा-वीस मिनिटांनी पाहाल तर वर पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. मीठ आतलं पाणी ओढून घेतं. त्या पाण्यात ते विरघळतं, आणि मग तेच खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं. आत गेलेलं मीठ मांसातली काही प्रथिनं सैल करतं, त्यामुळे शिजताना ती कमी आवळतात आणि पाणी धरून ठेवतात. याला वेळ लागतो. चार तास मिळाले तर उत्तम, रात्रभर मिळाले तर त्याहून उत्तम. वेळच नसेल तर अगदी तव्यावर टाकताना मीठ लावा, पण वीस मिनिटं आधी नको. तेव्हा पाणी नेमकं बाहेर आलेलं असतं.

मसाल्यांचं मात्र तसं नाही. मिरी, बडीशेप, लसूण, थाइम, मोहरी, जे आवडेल ते लावा, पण ते आत खोलवर जात नाहीत. मीठ आत जातं, मसाले पृष्ठभागापाशीच राहतात. म्हणून आठ-आठ तास लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्यात अर्थ नाही. आंबटानं बाहेरचा थर पिठूळ होतो, आत काही पोचत नाही. आंबट शेवटी, वाढताना घाला. वाटलेला लसूण आणि साखर कडक तव्यावर लगेच करपून कडू होतात, तेव्हा तीही सुरुवातीला नकोत. माझी आवडती जोडी भरड कुटलेली बडीशेप आणि मिरी. पोर्कच्या गोडसर चवीला बडीशेप इतकी शोभते की मी दुसरीकडे फारशी वळतच नाही.

तव्यावर टाकण्याआधी तुकडा कागदानं टिपून अगदी कोरडा करा. मांसाला तांबूस रंग आणि खरपूस वास येतो तो माइयार प्रक्रियेमुळे. लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. तिचा जोर साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे दिसतो, आणि पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडेपर्यंत तो १०० च्या वर जातच नाही. भाजल्यानं रस आत कोंडला जातो असं अजूनही सांगितलं जातं. एकोणिसाव्या शतकात लीबिग या नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे ती समजूत पसरली. ती खरी नाही. भाजल्यानंतर तुकडा तव्यावर चुरचुरतच राहतो, तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. भाजायचं ते चवीसाठी. दर बाजूला दीड-दोन मिनिटं, मग २०० अंशांच्या ओव्हनमध्ये. बारा ते अठरा मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. थर्मामीटरची सुई सर्वांत जाड भागाच्या मधोमध टोचा.

पन्नास अंशांच्या आसपास मायोसिन हे प्रथिन गोठायला लागतं आणि मांस कच्चं लिबलिबीत न राहता घट्ट होतं. साठच्या पुढे कोलाजेनचे पडदे आकसून रस पिळून काढू लागतात. सत्तरीकडे अ‍ॅक्टिन हे दुसरं प्रथिनही गोठलं की मांस कोरडं झालंच. आपल्याला हवं ते यातल्या पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याच्या मध्ये आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी सांगितलेलं तापमान ७१ वरून ६३ वर आणलं, वर तीन मिनिटांचा विसावा. खिम्याला मात्र ७१ च. पोर्कची जी जुनी भीती, त्या ट्रायकिनेला कृमीचा निकाल ६३ च्या आधीच लागलेला असतो. मांस तपासणी झालेलं आहे की नाही याची खात्री नसेल, किंवा घरात गरोदर बाई, आजारी माणूस असेल, तर ७१ पर्यंत न्या. तिथे चवीचा हट्ट धरू नका. एरवी ६० वर बाहेर काढा, वर फॉइल सैलसर टाका. आतली उष्णता पसरत राहते आणि आकडा आणखी दोन-चार अंश चढतो. तो ६३ ला पोचलेला डोळ्यांनी बघा. नाही पोचला तर परत आत ठेवा.

मघाशी एका ताईंनी विचारलं की आतून गुलाबी दिसलं तर कच्चं समजायचं का. नाही. ६३ ला मधोमध फिकट गुलाबी छटा राहतेच. रंगावरून ठरवू नका, आकड्यावरून ठरवा. आणि थर्मामीटर नसेल तर? तर मी एवढंच म्हणेन की या तुकड्यासाठी तो विकत घ्या. तोवर तुकड्याच्या आधीच बोटभर जाडीच्या चकत्या करून तव्यावर पूर्ण शिजवा.

कापायचं ते आठ-दहा मिनिटं थांबून, धाग्यांना आडवं. पाटावर जो रस गळेल तो टाकू नका. तव्याला चिकटलेल्या तांबूस खरवडीवर अर्धी वाटी पाणी किंवा सफरचंदाचा रस घाला, लाकडी उलथन्यानं घासून सोडवा, निम्मं आटू द्या. मग पाटावरचा रस त्यात घालून एक उकळी काढा. चमचाभर मोहरीची पेस्ट, लिंबाचे चार थेंब. आच बंद केल्यावर लोण्याचा छोटा तुकडा घालून तवा गोल फिरवत राहा. रस्सा चकाकायला लागला की चकत्यांवर ओता.