माळ्यावरचा रेडिओग्राम

श्रोतेहो, नमस्कार.

वाडा पाडायला निघाला की माळा रिकामा होतो. पुण्याच्या पेठांमध्ये हे आता नेहमीचंच झालंय. त्यात कधी आजोबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ निघतो, तर कधी कपाटाएवढा रेडिओग्राम, म्हणजे एकाच पेटीत रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर. धूळ झटकली जाते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "लावून तर बघू!"

कृपा करून लावू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटमधले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, गळके झालेले असतात; जी वीज अडवायची ती ते पुढे जाऊ देतात. थेट वीज दिली तर ट्रान्स्फॉर्मरच जळायची भीती, आणि तसा दुसरा सहज मिळत नाही. मी आधी मेणाचे कागदी कंडेन्सर बदलतो. मग १०० वॉटचा साधा, तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडून, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाईल अशा बेताने, वीज देतो. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. उजळून मंदावला, तर सेटमध्ये जीव आहे. आत अडीचशेच्या आसपास व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. म्हणून हे काम जाणकाराकडेच द्या. बदलायचं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतं. व्हॉल्व्हसाठी मात्र जुन्या बाजारात चकरा माराव्या लागतात.

माझा जीव खरा अडकतो तो पेटीत. वरचं देखणं लाकूड बहुतेकदा व्हिनियर असतं, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. एका सुताराने त्यावर मशीन फिरवलं आणि दोन मिनिटांत खालचा पांढरा प्लाय उघडा पडला. ते परत आणता येत नाही. त्यापेक्षा मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवून बघा. चिकट लागलं तर पॉलिश लाखेचं आहे, त्याच स्पिरिटने ते मऊ होतं आणि नव्या लाखेचे पातळ हात त्यावर बसतात. कड सुटली असेल आणि आत जुना सरस असेल, तर ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवा. सरस पुन्हा धरतो. वर वजन ठेवून रात्रभर सोडा.

आणि डायलच्या काचेची मागची बाजू कधीही ओल्या फडक्याने पुसू नका. स्टेशनांची नावं तिथेच रंगवलेली असतात. मी एकदा पुसली. 'सिलोन' अख्खं फडक्यावर आलं. आजही त्या डायलवर तेवढी जागा मोकळी आहे.

गेल्या महिन्यात एक रेडिओग्राम पुरा झाला. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट काहीच नाही, नुसता तापलेल्या धुळीचा वास. मग स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा उजळला. काटा हळूहळू सरकवला, डोळ्यातली सावली मिटत गेली आणि मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला, १९५३ सालापासून बोलणारं हे आपलं आकाशवाणीचं पुणे केंद्र लागलं. ज्यांच्या आईचा तो सेट होता, त्या बाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आवाज थोडा वाढवा."