कड्याखालची वही

(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: ड्रोन, समुद्राकडून किनाऱ्याकडे)

रत्नागिरीचा किनारा. इकडे मिरकरवाडा बंदर, तिकडे तीन बाजूंनी पाणी असलेला रत्नदुर्ग. आपल्याला किल्ल्यावर जायचं नाही. ड्रोन किनारा धरून पुढे सरकतोय तो एका कड्यासाठी. त्या कड्याचं नाव या फिल्ममध्ये कुठेच येणार नाही. तिथे चढणाऱ्यांची तेवढी एकच अट होती आणि ती रास्त आहे. नाव फुटलं की पुढच्या रविवारी खाली वडापावची गाडी लागते.

कातळ म्हटलं की हल्ली रत्नागिरीत बोलणं कातळशिल्पांवर जातं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, कोरलेली ती चित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्याचा आनंद आहेच. पण सडा जिथे संपतो आणि समुद्राकडे तुटतो, तिकडे फारसं कोणी वळत नाही. या तुटलेल्या कडेवर नव्वदच्या दशकापासून काही माणसं दोर लावून चढत आली आहेत.

(दृश्य: दगडाच्या भोकात बोटं, अगदी जवळून)

हा जांभा. घराला चिरे लागतात तोच. खाणीत कापताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. कड्याचंही तसंच. बाहेरचं कवच टणक, दोन-चार इंच आत गेलं की पिवळसर, भुसभुशीत. भोकं भरपूर, त्यामुळे बोटांना धरायला जागा मिळते. पण भोकांच्या कडा इतक्या करकरीत, की दुपारपर्यंत बोटांची टोकं सोलून निघतात. ही बोटं बघा. पट्टी लावलेली आहे ती कालची, उघडी आहेत ती आजची.

खालचा काळा पट्टा बेसाल्टचा. सह्याद्रीचा दगड, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांमागचा. सह्याद्रीत लिंगाण्यावर किंवा कोकणकड्यावर चढणारे याच दगडावर शिकलेले असतात. इथे तो जेमतेम दीड-दोन पुरुष उंच आहे, आणि भरतीला त्यातला बराचसा पाण्यात जातो.

म्हणून इथलं वेळापत्रक तिथीवर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, लाट थेट कड्याच्या पायावर. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, पाया कोरडा राहतो. अष्टमीजवळचा रविवार गाठायचा, हा इथला नियम. पोरांना हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. खाली गळ टाकून गरवायला बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी शिकवलं, तेही आधी चांगलं तासाभर हसून घेऊन.

(इथे निवेदन थांबेल. लाटा, आणि वरून आलेली हाक: “रोऽऽप!”)

दोर खाली टाकण्याआधीची ही हाक. खाली कोणी असलं तर त्याने वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं.

आता पडद्यावर आहेत त्यांना सगळे भाऊ म्हणतात. साठी ओलांडली आहे. त्यांच्या हातात हातोडा आहे आणि ते चढत नाहीयेत, दगड वाजवताहेत. नीट ऐका. हा ठणठणीत आवाज, म्हणजे आतला दगड एकसंध. आता हा... बद्द. म्हणजे आत पोकळी आहे, इथे बोल्ट, म्हणजे दोर अडकवायची धातूची खुंटी, मारायचा नाही. कड्यावर नवीन मार्ग बांधताना पहिले काही रविवार फक्त हेच चालायचं. वरून दोराला लटकून हातभर हातभर दगड वाजवत यायचं आणि चांगल्या जागांवर खडूने फुली मारायची.

मग भोक. सुरुवातीच्या काळात बॅटरीवरचं ड्रिल कुणाकडे नव्हतं. डाव्या हातात छिन्नीसारखी दांडी, उजव्या हातात हातोडा. एक ठोका, दांडी थोडी फिरव, पुन्हा ठोका. मध्ये मध्ये रबरी नळी आत घालून भुकटी फुंकून काढायची, डोळे मिटून. काळ्या दगडात एका भोकाला तास तास जायचा. जांभ्यात काम पटकन व्हायचं, आणि खरी पंचाईत तिथेच होती.

साधा बोल्ट आत गेल्यावर फुगतो आणि भोकाच्या भिंतींवर रेटा देतो. त्या रेट्यावरच तो धरून राहतो. बेसाल्टमध्ये हे चालतं. जांभ्यात भिंतच मागे सरते. पोपडे आलेल्या ओल्या भिंतीत खिळा ठोकावा तशी गत. आज घट्ट बसलेला बोल्ट पुढच्या हिवाळ्यात हाताने फिरतो. म्हणून इथे लांब दांडा लागतो आणि तो रेझिनने, म्हणजे सुकल्यावर दगडासारख्या घट्ट होणाऱ्या गोंदाने, चिकटवावा लागतो. भोक स्वच्छ हवं, कोरडं हवं. रेझिन भरायचं, दांडा फिरवत आत ढकलायचा, आणि पूर्ण सुकेपर्यंत त्याला हातही लावायचा नाही. उतावळ्या माणसाचं हे काम नव्हे.

(दृश्य: गंजलेला बोल्ट. मग दुसरा, चकचकीत, पण टवका उडालेला.)

इतकं करून समुद्र आहेच. साधं पोलाद खाऱ्या वाऱ्यात एक-दोन पावसाळ्यांत असं होतं. दिसतं तरी. दुसरा बोल्ट बघा, तो स्टेनलेस स्टीलचा आहे आणि जास्त धोक्याचा तोच. क्षार आणि ताण यांमुळे स्टेनलेसला आतून बारीक भेगा जातात, वरून चकाकी तशीच. थायलंडमध्ये रायलेच्या किनाऱ्यावर चढणाऱ्यांना हा धडा मिळाला. तिथे चांगले दिसणारे बोल्ट तुटायला लागले, तेव्हा टायटॅनियमचे दांडे चिकटवायला सुरुवात झाली. आता समुद्राकाठी तीच पद्धत मानली जाते. टायटॅनियम स्टीलच्या कैकपट महाग. आपल्याकडे ते हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, हेही सांगायला हवं.

या कड्यावरचे निम्म्याहून जास्त मार्ग आज बंद आहेत. बोल्टवर लाल रंगाची फुली आहे ते सगळे.

(दृश्य: लाकडी पेटी उघडते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही.)

ही पेटी भाऊंच्या पडवीत असते. वरती दोर, खाली कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, एका बाजूला स्प्रिंगचं गेट असलेल्या. हा एक कॅराबिनर घ्या. सांध्यावर पांढरी भुकटी धरली आहे. गेट दाबलं, उघडलं... आणि उघडंच राहिलं. स्प्रिंग मिठाने धरली की असं होतं. प्रत्येक रविवारनंतर सगळं सामान गोड्या पाण्यात बुडवून, घासून, सावलीत वाळत घालायचं असतं. दोरही तसाच धुवायचा, नाहीतर मिठाचे कण वेणीत शिरून आतले धागे कापतात. पूर्वी या कामाला सात-आठ जण बसायचे आणि विहिरीवर गप्पांचा फड रंगायचा. हल्ली भाऊ एकटेच धुतात. एकट्याने किती धुणार?

आणि ही वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कोपरे उंदराने खाल्लेले. कड्यावरचा प्रत्येक मार्ग हिच्यात आहे. डावीकडच्या पानावर पेन्सिलने काढलेलं चित्र: भेग कुठे, छतासारखा पुढे आलेला दगड कुठे, बोल्ट किती. उजवीकडे, जो चढला त्याने लिहायचं. पान नीट बघा, कॅमेरा मुद्दाम थांबलाय. निळ्या शाईत लिहिलंय, “तिसऱ्या बोल्टनंतर डावीकडे. उजवीकडचा दगड सैल.” खाली काळ्या शाईत, वेगळ्या हाताने, “दगड सैल नाही. लिहिणाऱ्याचे पाय सैल.” त्याखाली तिसरा, “दोघेही चुकलात. आज तो दगड खाली आला. डोक्यावरून दोन हात गेला. हेल्मेट घाला.”

असं पानोपानी. एका मार्गाची काठिण्यपातळी पाच जणांनी पाच लिहिली आहे. प्रत्येकाने आधीच्याची खोडली आहे आणि समासात त्याच्या उंचीवर शेरा मारला आहे. एके ठिकाणी एक बोल्ट मारायला हवा होता की नको यावर दोन पानं भरून वाद, पुढे पुरवणी जोडलेली, टाचणी गंजलेली. वाद घालणारे दोघे पुढचा सबंध हिवाळा एकमेकांचा दोर धरत होते, त्याच मार्गावर. बिले करणारा माणूस म्हणजे खाली उभा राहून तुमचा जीव हातात धरणारा. पटत नसलेल्या माणसाच्या हातात जीव द्यायचा, आणि तो वर असताना त्याला ओरडून सांगायचं की तू चुकीच्या बाजूला चाललायस. या गटाचं गटपण होतं ते यात.

आता पानं उलटतो. इथपर्यंत गच्च भरलेली. इथून नोंदी आखूड. “चढलो. छान.” पुढे, “मस्त अनुभव!” शेजारी हसरा चेहरा. आणि इथून कोरी.

(निवेदन थांबेल. कोरी पानं, पंख्याच्या वाऱ्याने उलटत जाणारी.)

मोबाइलवर खापर फोडणं सोपं आहे. आम्हीही तेच ठरवून इथे आलो होतो, पण तसं दिसलं नाही. नोंदी आखूड झाल्या त्या वर्षांत कड्यावर माणसं वाढली होती. हे फोटो बघा, एका रविवारी पन्नासेक जण. गंमत अशी की ती चढायला आलेली नव्हती, उतरायला आली होती. शनिवार-रविवारचं रॅपलिंग: पैसे भरा, हार्नेस घाला, वरून खाली या, नाश्ता, प्रमाणपत्र. त्यात वाईट काही नाही. कोणाचं तरी पोट चालतं, आणि पहिल्यांदा कड्यावरून मागे झुकताना जी घाबरगुंडी उडते ती कोणीतरी अनुभवलीच पाहिजे. पण प्रशिक्षकाशी कोणी वाद घालत नाही. पैसे भरून आलेला माणूस समासात शेरे मारत नाही. दोर कोण धरतंय हे त्याला माहीतही नसतं.

खेळ म्हणाल तर खेळ जोरात आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेने २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढण्याच्या, विश्वचषकाची फेरी भरवली, जगातले नामांकित चढणारे आले. त्याच वर्षी ऑलिम्पिकने या खेळाला दार उघडलं, आणि टोकियोत, २०२१ मध्ये, तो खेळला गेला. आज मुंबई-पुण्यात कृत्रिम भिंती आहेत, त्यांवर हातापायांनी धरायचे रंगीत होल्ड आहेत, खाली गाद्या आहेत. रत्नागिरीची चांगली पोरं तिकडेच गेली, आधी नोकरीसाठी आणि मग भिंतीसाठी. चुकलं म्हणायला तोंड नाही. भिंतीवरचा होल्ड सैल झाला तर पाना घेऊन आवळता येतो.

इकडे उलटं चक्र. माणसं कमी, म्हणून बोल्ट तपासायला कोणी नाही. तपासलेले नाहीत, म्हणून फुल्या. फुल्या आहेत, म्हणून नवीन मुलाला चढायला मार्गच नाही; तो एकदा येतो, टॉप रोपवर, म्हणजे वरून आधीच लावलेल्या दोरावर, तेच दोन मार्ग करतो आणि कंटाळतो. जुने फोनवर सांगतात, येतो रे, पुढच्या अष्टमीला नक्की. पुढच्या अष्टमीला कोणाचं तरी लग्न असतंच.

यातून काय बिघडतं, तेही सांगतो. २०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांची बस दरीत गेली, तेव्हा दोर लावून खाली उतरणाऱ्यांत आसपासचे ट्रेकर होते. २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हाही असेच कार्यकर्ते वर गेले. असा माणूस कड्यावर तयार होतो.

(दृश्य: मुलगी, हेल्मेट, हातात खडू)

ही कॉलेजात शिकते, मिरकरवाड्याची. वडील ट्रॉलरवर. घरात दोराचं कोणाला कौतुक नाही, दोर रोजचाच. तिची गाठ भाऊंपेक्षा झटकन बसते, बघा. आठाची गाठ, सोडवली, पुन्हा मारली, गाठीबाहेर उरलेली दोराची शेपटी मोजली. तिचा आणि भाऊंचा आज वाद झाला. फुलीवाला एक मार्ग पुन्हा उघडायचा आहे. भाऊंचं म्हणणं, जुन्याच भोकांशेजारी नवे दांडे चिकटवावेत. तिचं म्हणणं, मार्गच चार हात डावीकडे न्यावा, तिथला दगड जास्त चांगला वाजतो. भाऊ म्हणतात, दगडातली ती चढायची रेघ तिथे आहे म्हणून तो मार्ग आहे. ती म्हणते, रेघ काय चाटायची आहे?

(दृश्य: दोघं कड्याखाली हातवारे करताहेत. आवाज वाऱ्यात.)

शेवटी दोघांनी दोन्हीकडचा दगड वाजवला. तासभर. निकाल लागला नाही, पाणी चढायला लागलं म्हणून निघावं लागलं. ते वहीत मात्र लिहिलं गेलं, तिच्या अक्षरात, आणि खाली भाऊंनी दोन ओळी खरडल्या आहेत. काय लिहिलंय ते दाखवायला भाऊंनी नकार दिला.

काम दिवाळीनंतर सुरू होईल. पाऊस गेल्यावर दगड आतून सुकायला तेवढा वेळ द्यावा लागतो. ड्रिल एका चिरेखाणवाल्याने द्यायचं कबूल केलंय. सगळे दांडे टायटॅनियमचे परवडणार नाहीत. म्हणून सुरुवातीला वरच्या अँकरपुरतेच, म्हणजे माथ्यावर दोर जिथे बांधतात तेवढ्यापुरतेच, घ्यायचे, बाकीचा मार्ग तोवर टॉप रोपवर चढायचा, असं ठरतंय. यावरही दोघांचं एकमत नाही. आणि बिलेला अजून दोन माणसं हवीत. चढता आलंच पाहिजे असं नाही. तिथी बघून यायला हवं.