छपरांचं गाव जिरोकास्तर

(दृश्य: सकाळ. बसच्या काचेतून घाटाची वळणं.)

सारांदाहून सुटलेली बस मुझिनाचा घाट ओलांडून द्रिनो नदीच्या खोऱ्यात उतरते. समोर डोंगराच्या अंगावर राखाडी असं काहीतरी पसरलेलं दिसतं. आधी वाटतं, कातळच आहे. बस जवळ जाते, तशा त्या कातळात खिडक्या दिसू लागतात.

हे जिरोकास्तर. दक्षिण अल्बानियातलं, डोंगरउतारावर वसलेलं जुनं गाव.

(दृश्य: किल्ला, तोफा, विमान.)

गाईड सगळ्यांना आधी किल्ल्यावर नेते. तोफांची रांग, घड्याळाचा मनोरा, आणि तटाजवळ एक गंजलेलं अमेरिकन विमान. १९५७ साली ते अल्बानियात उतरलं आणि हेरगिरीचं विमान म्हणून सरकारने ते लोकांना दाखवलं. त्याच्यापुढे फोटो काढायला गर्दी होते. आपण मात्र तटावरून खाली बघूया.

(दृश्य: वरून छपरं. बराच वेळ.)

कौल नाही, पत्रा नाही. सगळी छपरं दगडाची.

(दृश्य: छपरावर काम करणारा गवंडी. हातांचा क्लोज-अप.)

एका घराच्या छपरावर दुरुस्ती चालली आहे. खाली लाकडी वासे, त्यावर फळ्या, त्यावर चुनखडीच्या जाड लाद्या. रचायला सुरुवात वळचणीपासून. खालच्या लादीवर वरची लादी चढवत, रांगेमागून रांग, थेट आढ्यापर्यंत. लाद्या जागेवर राहतात त्या स्वतःच्याच वजनाने. गवंडी लादी उचलतो, कडेवर हातोडीचे दोन-तीन हलके घाव घालतो, बसवून बघतो. डुगडुगली की काढतो, खाली दगडाची चीप सारतो, पुन्हा बसवतो. आपल्याकडे कोकणात पावसाआधी घर शाकारतात, त्याच जातीचं हे काम. फक्त इथे एकेक लादी उचलतानाच दम लागतो. एक लादी सरकली तरी पाणी आत शिरतं, वासे कुजतात, आणि मग एवढं ओझं पेलायला खाली काही उरत नाही.

(दृश्य: स्केंदुली घर, तळघर ते वरचा मजला.)

हेच छप्पर घराला पाणीही द्यायचं. स्केंदुली कुटुंबाच्या जुन्या घराच्या तळघरात दगडी टाकं आहे. छपरावरचा पाऊस पन्हळीतून थेट त्यात यायचा. वर हिवाळ्यात राहायचा मजला, त्याच्याही वर उन्हाळ्याचा. पाहुण्यांच्या दिवाणखान्यात रंगवलेली शेकोटी आणि लाकडी माळा. भिंतीत ठराविक अंतरावर लाकडी पट्ट्या घातलेल्या दिसतात. भूकंपात भिंत एकसंध राहावी म्हणून ही सोय. साम्यवादी राजवटीत हे घर कुटुंबाच्या हातून गेलं होतं, ती संपल्यावर परत मिळालं. आज घरातलीच माणसं पाहुण्यांना ते दाखवतात.

(दृश्य: गल्ल्या, दोन घरांच्या पाट्या.)

याच गावात १९०८ साली हुकूमशहा एन्व्हर होजा जन्मला आणि १९३६ साली लेखक इस्माईल कादारे. दोघांच्याही घरांची आता संग्रहालयं झाली आहेत.

(दृश्य: कोसळलेलं छप्पर, आत वाढलेलं झाड.)

१९९० नंतर कितीतरी कुटुंबं ग्रीस-इटलीकडे गेली. घरांना कुलपं लागली. २००५ साली गाव जागतिक वारसा यादीत आलं.

(दृश्य: बाजारातली खानावळ.)

दुपारच्या जेवणात चिफ्ची. भात, अंडं, पुदिना एकत्र करून तळलेले गोळे. ज्या भांड्यात ते तळतात ते बघून मराठी माणूस थबकेलच. खळग्या-खळग्यांचं, अगदी आपलं आप्पेपात्र.

(दृश्य: आभाळ भरून आलेलं. पहिले थेंब.)

परतीची वेळ होते आणि सर येते. ओल्या लाद्या चकाकू लागतात. ग्रीक लोक या गावाला आर्जिरोकास्त्रो म्हणतात, म्हणजे चांदीचा किल्ला.

(दृश्य: पुन्हा गवंडी.)

छपराचा अर्धा भाग अजून उघडा आहे. गवंडी घाईघाईने त्यावर प्लास्टिक ओढतो, कडेला चार लाद्यांचं वजन ठेवतो, आणि शिडीवरून खाली येतो.