वेगही हवा आणि ॲव्हरेजही: डिझेल स्पोर्ट्स कारचं गणित

(पुण्यात मोटारप्रेमी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कोथरूडमध्ये राहणाऱ्या माणसाला कमिन्स हे नाव सांगावं लागत नाही. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स म्हणून ही कंपनी इथे आली आणि जनरेटर, पंप, ट्रक यांची इंजिनं असंच तिचं चित्र आपल्या डोक्यात बसलं. याच कमिन्सच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीने १९३१ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत डिझेलची गाडी उतरवली होती. गाडी तेरावी आली. पण पूर्ण ५०० मैल ती एकदाही थांबली नाही, इंधन भरायलासुद्धा नाही. त्या शर्यतीत असं आधी कुणाला जमलं नव्हतं.

मग १९५२. पुन्हा इंडियानापोलिस, पुन्हा कमिन्स. या वेळी ६.६ लिटरचं इंजिन, गाडीची उंची कमी राहावी म्हणून आडवं निजवलेलं आणि वर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्या शर्यतीत टर्बो लावून आलेली ही पहिली गाडी. पात्रता फेरीत सरासरी ताशी १३८ मैल, म्हणजे २२२ किलोमीटर, आणि पहिल्या क्रमांकाची जागा. पेट्रोलवाले बघत राहिले. शर्यतीत मात्र सत्तरेक फेऱ्यांनंतर गाडी बाहेर. कारण काय, तर टर्बोची हवा आत घेणारी वाट पुढे, जमिनीच्या जवळ होती. टायर घासून ट्रॅकवर जो रबराचा चुरा पडतो तो तिने ओढून घेतला आणि हवेची वाट बुजली. एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

या दोन गोष्टींत आजचा विषय आलाच. पहिल्यात काटकसर आहे, वेग नाही. दुसऱ्यात वेग आहे, काटकसरीचं कुणी विचारलंही नाही. दोन्ही एका गाडीत बसतात का? माझं उत्तर: बसतात, पण एकाच क्षणी नाही. आणि ती एका गाडीत बसवण्याची सोय डिझेलकडे पेट्रोलपेक्षा चांगली आहे. निदान होती.

आधी साधा हिशेब करू. चौदाशे किलोची, बऱ्यापैकी निमुळती गाडी एक्सप्रेसवेवर ताशी १००ने चालली आहे. हवा आणि टायर यांचा विरोध मोडायला तिला किती ताकद लागते? १२ ते १३ किलोवॅट. म्हणजे १७ अश्वशक्तीच्या आसपास, ११० सीसीच्या दोन स्कूटर मिळून देतील तेवढी. बॉनेटखाली ४०० अश्वशक्ती असली तरी गाडी मागते १७च. आता तीच गाडी २००ने न्या. (एक्सप्रेसवेवर नेऊ नका, तिथे मर्यादा १०० आहे आणि कॅमेरे आहेत.) वेग दुप्पट झाला की हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. टायरचा वाटा तितका वाढत नाही, म्हणून एकूण मागणी साधारण सहापट, शंभर अश्वशक्ती. वेळ निम्मा लागतो, तेव्हा दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा तिपटीच्या घरात. इंजिन कुठलंही घ्या, हा हिशेब चुकत नाही. त्यामुळे ‘जोरात पळवा आणि भरपूर ॲव्हरेज मिळवा’ असं कुणी म्हणत असेल तर ती जाहिरात समजा.

मग डिझेलचा फायदा कुठे? गाडी पळत नसते तेव्हा. ग्यानबाची मेख इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं असतं. ताकद कमी हवी असेल तर इंधन कमी करावं लागतं, आणि इंधन कमी केलं की हवाही कमी करावी लागते. ते काम थ्रॉटलची चकती करते. ती वाट अडवते आणि पिस्टनला त्या अडलेल्या वाटेतून हवा ओढावी लागते. स्ट्रॉ चिमटीत धरून उसाचा रस प्यायचा प्रयत्न करा, गालांना जे कष्ट पडतात तेच. इंजिन जितकं मोठं आणि मागणी जितकी कमी, तितकी चिमूट घट्ट. म्हणून ४०० अश्वशक्तीची पेट्रोल गाडी ताशी ६०ने चालवली तरी तिची भूक मोठीच राहते.

डिझेलमध्ये ताकद कमी-जास्त करायला ही चिमूट लागत नाही. हवा पोटभर आत येते. ताकद ठरते ती इंजेक्टरने किती इंधन फवारलं यावर. कमी हवी, तर थेंबभर. त्यात कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो तो आकडा, जास्त, त्यामुळे त्याच उष्णतेतून काम जास्त निघतं. रुडॉल्फ डिझेलचं १८९७ सालचं इंजिनच २६ टक्के कार्यक्षम होतं. आजच्या मोटारींची डिझेल इंजिनं आपल्या सर्वोत्तम बिंदूवर ४० टक्क्यांच्या पुढे जातात. पण माझ्या लेखी त्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे, की भार कमी झाला तरी डिझेल पेट्रोलइतकं कोसळत नाही. मघाची १७ अश्वशक्तीची मागणी डिझेल साधारण २५ किलोमीटरला एक लिटर या दराने भागवेल. मोठं, जुन्या पद्धतीचं पेट्रोल इंजिन १५-१६वर येईल.

इथे एक तक्रार नोंदवतो. आपण लिटरमागे किलोमीटर मोजतो, पण डिझेलचा लिटर मुळातच जड असतो. त्यात पेट्रोलच्या लिटरपेक्षा १०-१२ टक्के ऊर्जा जास्त, आणि जळल्यावर कार्बन डायऑक्साइडही जास्त: सुमारे २.७ किलो, पेट्रोलचा २.३. तेव्हा ॲव्हरेजच्या बढाईतला थोडा भाग पंपावरच कापून घ्यावा. फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आयोजकांनी नेमकं हेच केलं. डिझेलवाल्यांची टाकी ९० लिटरवरून ८१वर आणली.

ल मान्सबद्दल बोलायलाच हवं. २००६ साली ऑडीची आर-टेन टीडीआय तिथे जिंकली, डिझेलचा पहिला विजय. साडेपाच लिटरचं व्ही-१२, ६५० अश्वशक्तीच्या वर आणि ११०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. पुढच्या दोन वर्षीही तीच जिंकली, २००९ला प्यूजोची डिझेल, आणि मग २०१४पर्यंत ऑडीच, शेवटची तीन वर्षं डिझेल-हायब्रिड. पेट्रोलवाल्यांची कुरकूर होती की नियमांनी डिझेलला जास्त क्षमतेचं इंजिन देऊन झुकतं माप दिलं. त्यात तथ्य होतं. पण चोवीस तासांच्या शर्यतीत काटकसर हाच वेगाचा एक भाग असतो, हे त्याहून खरं. १९९८ साली जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत बीएमडब्ल्यूची ३२०डी जिंकली. चार सिलिंडर, दोन लिटर. तिच्यापेक्षा दांडगी इंजिनं मैदानात होती, पण ती इंधन भरायला वारंवार पिटमध्ये यायची आणि ही तोवर फेऱ्या मारायची.

रस्त्यावरच्या गाड्यांचं बघू. २००८ची ऑडी टीटी टीडीआय: १७० अश्वशक्ती, शंभरचा वेग साडेसात सेकंदांत, आणि युरोपच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत १०० किलोमीटरला ५.३ लिटर, म्हणजे जवळजवळ १९चं ॲव्हरेज. २०१२ची बीएमडब्ल्यू एम-५५०डी तर भाव खाऊन गेली. तीन लिटर, एका इंजिनावर तीन टर्बो, ३८१ अश्वशक्ती, ७४० न्यूटन मीटर, सुमारे दोन टनांची गाडी ४.७ सेकंदांत शंभरला, आणि त्याच चाचणीत लिटरला जवळजवळ १६. चाचणीचे आकडे रस्त्यावर उतरत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. तरी इतकी ताकद आणि इतकं ॲव्हरेज ही जोडी त्या काळच्या पेट्रोल गाडीत मिळत नव्हती. ब्रिटनमधल्या ट्रायडेंट नावाच्या छोट्या कंपनीने ६.६ लिटरचं डिझेल व्ही-८ घालून आइसेनी ही स्पोर्ट्स कार आणली आणि एका टाकीत २००० मैल जाण्याचा दावा केला. संथ, एकसारख्या वेगाचा तो हिशेब. एवढं मोठं इंजिन नुसतं फिरत ठेवायलाच काही किलोवॅट जातात, तेव्हा टॉप गिअर फार उंच ठेवून आरपीएम खाली आणल्याशिवाय असा दावा करताच येत नाही.

तीन टर्बो कशाला? हे पुण्याच्या माणसाला घाटात समजावता येतं. रांजणगावच्या फियाट कारखान्यात बनलेलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी होतं: पुंटो, लिनिया, व्हिस्टा. खंबाटकीत पुढे ट्रक आला, आरपीएम दोन हजारांच्या खाली गेला, तुम्ही पाय दाबलात, तरी गाडी ढिम्म. मग अचानक मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. टर्बो एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरतो. एक्झॉस्ट कमी, तर टर्बो झोपलेला. लहान टर्बो लवकर जागा होतो पण वर जाऊन दम सोडतो, मोठ्याचं उलटं. म्हणून लहान-मोठे एकत्र लावायचे. आणि डिझेलला हे करावंच लागतं, कारण त्याला साडेचार-पाच हजार आरपीएमच्या वर जाता येत नाही. फवारलेलं इंधन हवेत मिसळून जळायला वेळ लागतो, आणि तो दाब सोसणारे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळे जाडजूड. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. एक हात बांधलेला, म्हणून दुसरा वाढवायचा. वाढवलेला टॉर्क सोसायला गिअरबॉक्स जड, क्लच जड. हे सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि वळणात जाणवतं. ताम्हिणीत हलकी पेट्रोल गाडी जास्त मजा देते, हे माझं मत. आवाजाबद्दल बोलत नाही, तो ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न.

डिझेल स्पोर्ट्स कारला वेगाने हरवलं नाही, वजनानेही नाही. धुराच्या रसायनाने हरवलं. डिझेलमध्ये हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते. त्या गरम, ऑक्सिजनने भरलेल्या जागेत नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीतला साधा थ्री-वे कॅटॅलिस्ट ते मोडतो, पण तो जादा ऑक्सिजनमध्ये चालत नाही. मग डिझेलसाठी वेगळा कॅटॅलिस्ट, मेकॅनिक ज्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात त्या द्रवाची टाकी, काजळी पकडणारा डीपीएफ, त्यांचे सेन्सर. २०१५ साली अमेरिकेत फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं ते याच जागी: चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर. आपल्याकडे एप्रिल २०२०मध्ये धुराचे कडक नियम, बीएस-सिक्स, लागू झाले आणि चाकणमध्ये बनणारी, १०५ अश्वशक्ती नि २५० न्यूटन मीटरने सुरुवात केलेली पोलो जीटी टीडीआय बंद झाली. छोट्या डिझेलवर एवढी सामग्री चढवायची तर किंमत परवडत नव्हती.

दरम्यान पेट्रोलनेही डिझेलचे डाव उचलले. लहान इंजिन, टर्बो, सिलिंडरमध्ये थेट फवारा. म्हणजे चिमूट सैल. जोडीला हायब्रिड आलं, की १७ अश्वशक्तीची किरकोळ मागणी विजेच्या मोटरने भागवायची. २०१५ ते २०१७ ल मान्स पोर्शने दोन लिटरच्या पेट्रोल हायब्रिडवर जिंकली, आणि ऑडी २०१६च्या अखेरीस तिथून बाहेर पडली.

एका विद्यार्थ्याने चिठ्ठी पाठवली आहे: ‘सर, वापरलेली बीएस-सिक्स जर्मन डिझेल सेडान स्वस्तात मिळते आहे. ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही मिळेल. घ्यावी का?’ तू राहतोस कुठे आणि कॉलेज कुठे, ते आधी सांग. कोथरूड ते डेक्कन? मग नको. डीपीएफमधली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. गाडी ते स्वतः वाढवते, पण त्यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. कर्वे रस्त्यावर तू प्रत्येक सिग्नलला उभा राहणार आणि घरी पोचून इंजिन बंद करणार. जाळणं अर्धवट राहिलं की जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, काजळी साठते, दिवा लागतो, आणि नव्या डीपीएफच्या बिलात तुझं काही वर्षांचं वाचवलेलं इंधन जातं. दर शनिवार-रविवारी कोल्हापूरला जात असशील तर घे. घेण्याआधी ऑइलची पातळी बघ. डिपस्टिकवर खुणेच्या वर असेल तर ते ऑइल चांगलं भरलंय म्हणून नव्हे.