सुई शून्यावर येईपर्यंत

मुंबईतल्या या कार्यशाळेच्या टेबलावर झाकण काढून ठेवलेले यंत्र म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या जगात 1176 या आकड्याने ओळखला जाणारा लिमिटर आहे. गायकाचा आवाज एकाएकी चढला की तो आवरून धरायचा आणि उतरला की पुन्हा मोकळा सोडायचा, हे त्याचे काम. अमेरिकेतील बिल पुटनम यांनी 1967 साली हे यंत्र आणले, तेव्हा आवाज आवरण्याची जबाबदारी त्यांनी व्हॅक्यूम ट्यूबऐवजी एफईटी जातीच्या एका इवल्याशा ट्रान्झिस्टरवर सोपवली. त्यामुळेच चढत्या आवाजाला लगाम घालायला या यंत्राला अवघे 20 मायक्रोसेकंद पुरतात.

दुरुस्तीचा पहिला टप्पा वीज न जोडताच पार पडतो. मऊ ब्रशने धूळ झाडली जाते, समुद्रावरच्या खाऱ्या, दमट हवेने स्विचच्या संपर्कांवर धरलेला काळपट थर काँटॅक्ट क्लीनरने काढला जातो आणि पॉवर सप्लायमधला माथ्यावर फुगलेला कॅपॅसिटर उतरवून त्याच्या जागी नवा बसवला जातो. यंत्र अमेरिकी बनावटीचे असल्यामुळे त्याची जोडणी 230 व्होल्टसाठीच केलेली आहे, याचीही खात्री करून घेतली जाते. त्यानंतर सिरीज लॅम्प, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच जोडलेला बल्ब, लावून वीज दिली जाते. हा दिवा लख्ख पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजायचे; इथे तो क्षणभर लालसर झाला आणि मंदावला.

आता ज्या कामासाठी सारा खटाटोप चालला आहे, ते सुरू होते. अटॅकचा, म्हणजे चढता आवाज किती झटकन आवरायचा ते ठरवणारा, नॉब डावीकडे टोकाला नेल्यावर ‘टक्’ असा आवाज होतो आणि आवाज दाबण्याची क्रिया पूर्ण बंद होते. ऑसिलेटर या स्वर निर्माण करणाऱ्या उपकरणातून 1000 हर्ट्झचा स्थिर स्वर यंत्रात सोडला जातो. यंत्राच्या स्वतःच्या मीटरचीही तपासणी व्हायची असल्यामुळे त्याच्यावर विसंबून न राहता आउटपुटला बाहेरचा मिलिव्होल्टमीटर जोडला जातो. क्यू-बायसचा, म्हणजे एफईटीला कायम मिळणारा विद्युतदाब ठरवणारा, ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा छोटा नॉब) आधी एफईटीचा काहीच परिणाम उरणार नाही अशा टोकाला नेऊन या बाहेरच्या मीटरची सुई अधिक 1 डेसिबलवर आणतात आणि मग बारीक पेचकसाने तो ट्रिमर केसभर फिरवत ती बरोबर शून्यावर उतरवतात. त्या 1 डेसिबलच्या उतरणीचा अर्थ असा, की एफईटी आता काम सुरू करण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. बायस कमी पडला तर चढता आवाज उशिरा पकडला जातो, जास्त झाला तर गाणारा हळू गात असतानाही त्याचा आवाज दबतो. अशा यंत्राची पारख नुसत्या कानाने होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. आमच्या मते कानाची पाळी मोजमापानंतरच यायला हवी.

एफईटी बदलण्याची वेळ आलीच, तर पाकिटातला कोणताही एक उचलून लावता येत नाही. एकाच क्रमांकाच्या दोन नगांचे गुण इतके वेगवेगळे असतात, की एकेक तपासूनच जुळणारा निवडावा लागतो. हे काम जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि दुरुस्तीअभावी कितीतरी चांगली यंत्रे रॅकमध्ये मुकी पडून आहेत.

20 हर्ट्झपासून 20 हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर क्रमाने सोडून पाहिल्यावर आउटपुटमधला फरक 1 डेसिबलच्या आत राहतो. त्यानंतरच ढोलकीचे ध्वनिमुद्रण लावले जाते आणि आवाज किती प्रमाणात दाबायचा ते ठरवणारी 4, 8, 12, 20 अशी एकेक बटणे दाबत थापेचा उठाव कसा बदलतो, ते ऐकले जाते.

झाकणाच्या आतल्या बाजूला आजची तारीख आणि मोजलेले आकडे लिहिलेली चिठ्ठी चिकटवली जाते. तिच्या शेजारी याआधीच्या कुणा दुरुस्तीकाराची, शाई उडालेली चिठ्ठी अजून तशीच आहे.