कुणाची गं तू?

(एका समाजकार्य महाविद्यालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'माओरी ज्ञानावर आधारलेली समाजकार्याची पदवी : अर्ज कसा करावा'. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. शाल-श्रीफळात बराच वेळ गेला, त्याबद्दल तक्रार नाही, शाल चांगली आहे. तुमच्यापैकी न्यूझीलंडला जायचा विचार कोण कोण करतंय? नको, हात वर करू नका, प्राचार्य समोरच बसलेत.

आधी एक गंमत सांगते. तिथे २७ फेब्रुवारी २०२१ पासून नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे 'समाजसेवक' या शब्दाला असा कायदा लावला, तर चौकातले फ्लेक्स एका रात्रीत उतरतील. हसताय, पण डॉक्टरांना परिषद आहे, वकिलांना आहे, आपल्याला नाही. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने स्कूल निघालं, तेव्हापासून आपण 'हा व्यवसाय आहे, हा व्यवसाय आहे' असं एकमेकांनाच सांगतोय. असो, त्यावर वेगळं बोलावलंत तर वेगळं बोलेन.

तर तिथल्या नोंदणीसाठी सहसा मान्यताप्राप्त पदवी लागते. ती विद्यापीठांत मिळते, तशी वानंगांतही मिळते. वानंगा म्हणजे माओरींनी उभ्या केलेल्या आणि कायद्याने मान्य झालेल्या उच्चशिक्षण संस्था. अशा तीन आहेत. त्यांतली 'ते वानंगा ओ आओतेआरोआ' ही १९८४ मध्ये 'ते आवामुतू' या छोट्या गावात कला केंद्र म्हणून सुरू झाली. आज तिथे समाजकार्याची पदवी आहे.

समाजकार्यच का, हे कळायला १९८८ चा एक अहवाल माहीत हवा, 'पुआओ-ते-आता-तू'. तो लिहिणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्ष माओरी नेते जॉन रांगिहाऊ. ही समिती मराएवर, म्हणजे माओरींच्या सभेच्या जागी, जाऊन लोकांचं ऐकत फिरली. लोकांचं गाऱ्हाणं साधं होतं : समाजकल्याण खातं आमच्या घरातलं मूल उचलतं आणि आजीला, काकाला विचारतही नाही. अहवालाने या प्रकाराला संस्थात्मक वंशवाद असं स्वच्छ म्हटलं, तेही सरकारी अहवालाने! पुढच्याच वर्षीच्या कायद्याने कुटुंबाची बैठक आणली. मुलाचं काय करायचं हे ठरवायला सगळं गणगोत एकत्र बसणार, अधिकारी माहिती देऊन खोलीबाहेर जाणार. म्हणून मुलं उचलणं थांबलं का? नाही. २०१९ मध्ये हेस्टिंग्जच्या रुग्णालयातून एका माओरी आईचं नवजात बाळ ताब्यात घ्यायचा प्रयत्न झाला आणि देश ढवळून निघाला.

आता ओळख. माओरी माणूस चारचौघांत उभा राहिला की पेपेहा म्हणतो. वायकातो भागातला असेल तर : ताउपिरी माझा डोंगर, वायकातो माझी नदी, ताइनुई माझी होडी. पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी. मग जमात, मग कूळ, आणि नाव बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी. बारावीची टक्केवारी कुठेच नाही.

आपल्याला हे ओळखीचं वाटतं. गावात शिरलं की ओट्यावरची म्हातारी विचारते, "कुणाची गं तू?" आजीचं नाव सांगितलं की पाणी येतं, पाठोपाठ चहा येतो. पण लगेच खूश होऊ नका. तीच म्हातारी तुमच्या मैत्रिणीला आडनाव विचारते आणि तांब्या आतच राहतो. आपल्याकडच्या या प्रश्नाला हे दुसरं तोंड आहे. माओरींचं ऐकून गहिवरणाऱ्या आपल्या मंडळींना ते दिसत नाही, म्हणून मी जिथे माईक मिळेल तिथे हे सांगत असते.

आणि तिसरं तोंड सरकारचं. माझी एक विद्यार्थिनी, महादेव कोळी. प्रवेश मिळालेला, अडकलं होतं जात वैधता प्रमाणपत्र. प्लॅस्टिकच्या पिशवीत निळी फाईल, फाईलमध्ये वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत्यांची वैधता, गाव नमुना १४ चा, म्हणजे गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा उतारा. जात पडताळणी समितीला हवा १९५० पूर्वीचा पुरावा. आजोबा शाळेतच गेले नाहीत, गुरं राखत होते, दाखला कुठून आणायचा? मग दक्षता पथक घरी आलं. कुलदैवत कोणतं, लग्नात काय काय करता, मयताला काय करता, नाच कोणता. आई धडाधड सांगत होती. कल्याणला कंपनीत आयुष्य काढलेला मामा मात्र अडखळला, आणि अहवालात मामाचं अडखळणं आलं! बोगस दाखले घेणारे आहेत, त्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा खाल्ल्या, म्हणून तपासणी हवीच, यात मला शंका नाही. पण शहरात गेलेला माणूस आजीचं गाणं विसरला म्हणून तो त्या आजीचा उरत नाही? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की चालीरीती विचारून जमात ताडणारी ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. तोवर या पोरीचं एक वर्ष गेलं होतं. प्रवेशही गेला. आणि ज्या वर्गात तिला बसायचं होतं तिथे मी त्या वर्षी 'आदिवासी समुदायांसोबत समाजकार्य' हा पेपर शिकवत होते, सगळी पोरं शहरातली, पुस्तकं परदेशी. तिच्या आईला नुसतं दोन तास बोलावलं असतं तरी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

अर्ज, भराभर. वानंगा फक्त माओरींसाठी नाहीत, इतरही शिकतात. पण परदेशी विद्यार्थ्यांना प्रत्येक अभ्यासक्रम खुला असतोच असं नाही, फी आणि व्हिसाचं संस्थेलाच विचारा. तुमच्याकडे एम.एस.डब्ल्यू. असेल तर पुन्हा पदवी करण्याआधी नोंदणी मंडळाकडून तिचं मूल्यमापन करून घेता येतं. मंडळाच्या दहा मानकांच्या यादीत पहिलंच मानक आहे, माओरींसोबत काम करण्याची क्षमता. तेव्हा ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातला १८४० चा वैतांगी करार वाचून जा. माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरींचं आरोग्याच्या चार भिंतींचं घर समजून घ्या : शरीर, मन, कुटुंब, अध्यात्म.

पेपेहा लिहायला सांगितलं तर उसना डोंगर घेऊ नका. बाहेरच्यांनी 'माझा डोंगर' म्हणावं का, यावर तिथेही वाद आहे. रविवारी सिंहगडावर भजी खाल्ली म्हणजे सिंहगड तुमचा झाला नाही. कुठे वाढलात, कुणी वाढवलं, ते सरळ सांगा. आडनावामुळे तुम्हाला काय मिळालं आणि शेजारणीला काय मिळालं नाही, हेही सांगा. 'वंचितांचा उद्धार करायचा आहे' हे वाक्य खोडा. अशी वाक्यं तिथे पूर्वी खात्याचे लोक बोलायचे.

मुलाखत असते. पोलीस तपासणी असते, मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी २०१४ च्या कायद्याने सुरक्षा तपासणी सक्तीची आहे. इथले कागद आधी काढून ठेवा, त्यात महिने जातात.

राहिले संदर्भ देणारे. सहसा दोन नावं मागतात. एक प्राध्यापकांचं द्या, हरकत नाही. दुसरं, चालत असेल तर, ज्या वस्तीत फील्डवर्क केलंत तिथल्या बाईंचं द्या, इंग्रजी तुम्ही करून द्या. मात्र आधी त्यांना विचारा. त्यांनी "कोण गं तू?" म्हटलं, तर अर्ज पुढच्या वर्षी करा.